तत्त्वज्ञानातून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नीतिशास्त्रात: संशोधनाची वाट निवडण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. तत्त्वज्ञानात एम.ए. झालं आहे, नीतिशास्त्रात मन रमतं, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नीतीवर पीएच.डी. करून पुढे विद्यापीठातच संशोधन करायचं आहे. पण प्रोग्रॅमिंग येत नाही. विषय चार वर्षांत शिळा होईल अशी धास्ती आहे. आणि जवळची माणसं सांगतायत की हेच करायचं तर विद्यापीठ सोडा, सरळ कंपनीत जा.

मी वीसेक वर्षं याच क्षेत्रात आहे. पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन केलं आहे, निवड समित्यांवर बसले आहे, जर्नलसाठी लेख तपासते. प्रोग्रॅमिंगची शंका खरी आहे, पण सुटण्यासारखी आहे. कंपनी की विद्यापीठ याचं उत्तर तुम्ही कुठला प्रश्न हातात धरता यावर ठरेल. शिळेपणाच्या भीतीपासून सुरुवात करते, कारण बाकी सगळं तिच्यावर अवलंबून आहे.

यंत्र विचार करू शकतं का, हा ॲलन ट्युरिंग यांचा लेख १९५० साली 'माइंड' या तत्त्वज्ञानाच्या जर्नलमध्ये छापून आला. म्हणजे हा विषय आपल्या घरात नंतर आलेला पाहुणा नाही. १९६६ साली एमआयटीत जोसेफ वायझेनबाउम यांनी एलायझा नावाचा संवाद करणारा प्रोग्रॅम लिहिला. समोरच्याचंच वाक्य फिरवून प्रश्न म्हणून परत करायचं, एवढीच त्याची करामत. त्यांच्या सेक्रेटरीने तो प्रोग्रॅम घडताना कित्येक महिने डोळ्यांनी पाहिला होता. तरीही त्याच्याशी बोलायला बसल्यावर थोड्याच वेळात तिने वायझेनबाउमना खोलीबाहेर जायला सांगितलं. आतलं सगळं माहीत असलेलं माणूससुद्धा यंत्राशी खाजगी बोलू लागतं, हे पाहून ते हादरले आणि पुढची अनेक वर्षं त्यावर लिहीत राहिले. आज लोक चॅटबॉटला मनातलं सांगतात तेव्हा आपण जो प्रश्न विचारतो, तो हाच आहे. एलायझाचा कोड आज कुणाच्या कामाचा नाही. तो प्रश्न मात्र जसाच्या तसा आहे.

१९८५ साली तत्त्वज्ञ जेम्स मूर यांनी लिहिलं की संगणकामुळे माणसाच्या हाती नव्या शक्यता येतात, त्या कशा वापराव्यात याचे नियम तयार नसतात, आणि नियम करायला बसलं की कळतं, मुळात आपल्या संकल्पनाच धूसर आहेत. २००४ साली आंद्रेआस माथियास यांनी एका लेखात दाखवलं की स्वतः शिकत जाणाऱ्या यंत्राच्या वागण्यावर बनवणाऱ्याचा पुरेसा ताबा राहत नाही, त्यामुळे 'दोष कुणाचा' या प्रश्नाच्या उत्तरात पोकळी पडते. आजची भाषिक मॉडेलं तेव्हा नव्हती. तरी तो लेख अजून वाचला जातो, त्याच्यावर वाद होतात, त्याला उत्तरं लिहिली जातात. म्हणून विषय निवडताना मी प्रत्येक विद्यार्थ्याला एकच गोष्ट विचारते: तू ज्या सिस्टिमबद्दल लिहिणार आहेस ती उद्या बंद पडली, तर तुझा प्रश्न उरतो का? उरत असेल तर पुढे बोलू.

पण याचा अर्थ यंत्रापासून दूर बसून चिंतन करावं असा मुळीच नाही. स्वयंचलित गाड्यांच्या बाबतीत काय झालं ते पाहा. ब्रेक लागत नाहीत, समोर पाच माणसं आहेत, वळवली तर एक मरेल, गाडीने काय करावं? या कोड्यावर एके काळी लेखांचा पूर आला होता. एमआयटीच्या 'मॉरल मशीन' प्रयोगात २३३ देश आणि प्रदेशांतल्या लोकांचे सुमारे ४ कोटी निर्णय गोळा झाले आणि २०१८ साली ते 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेत ॲरिझोनातल्या टेंपी इथे उबरच्या चाचणीतल्या गाडीने सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईला धडक दिली आणि ती गेली. चौकशी अहवाल वाचताना अंगावर काटा येतो. गाडीच्या रडारला ती धडकेच्या ५.६ सेकंद आधी दिसली होती. पण सिस्टिम तिला कधी वाहन समजत होती, कधी सायकल, कधी 'इतर काही'. झेब्रा क्रॉसिंग सोडून माणूस मध्येच रस्ता ओलांडेल ही शक्यता रचनेत धरलेलीच नव्हती. गाडीत देखरेखीला बसलेल्या चालक बाईचं लक्ष मोबाईलमध्ये होतं. कंपनीवर फौजदारी जबाबदारी येत नाही असं सरकारी वकिलांनी २०१९ साली ठरवलं. खटला चालक बाईवर चालला. २०२३ साली तिने गुन्हा कबूल केला आणि तिला तीन वर्षं देखरेखीखाली राहण्याची शिक्षा झाली.

पाच की एक, हा प्रश्न या घटनेत कुठेच आला नाही. आला तो वेगळाच: दहा जणांनी मिळून घडवलेल्या चुकीचं ओझं शेवटच्या खुर्चीत बसलेल्या माणसावर कसं येऊन पडतं? मानवशास्त्रज्ञ मॅडेलिन एलिश यांनी याचं फार नेमकं वर्णन केलं आहे. गाडीचा पुढचा भाग स्वतः चेपला जाऊन आतल्या माणसाला वाचवतो. इथे उलटं होतं, माणूस चेपला जातो आणि सिस्टिम वाचते.

आपल्या भाषेत 'जबाबदारी' या शब्दात 'जबाब' आहे. ज्याला जबाब द्यावा लागतो तो जबाबदार. पण जबाब देणं, दोष असणं, भरपाई करणं आणि पुढे काळजी घेण्याचं कर्तव्य असणं या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि रोजच्या बोलण्यात आपण चारही एकाच शब्दात कोंबतो. टेंपीच्या प्रकरणात या चार गोष्टी चार वेगवेगळ्या जणांकडे गेल्या तर काय बिघडतं? की एकाकडेच जायला हव्यात? अशा प्रश्नावर पाच वर्षं घालवलीत तर ती वाया जाणार नाहीत, आणि त्यासाठी तो अहवाल अथपासून इतिपर्यंत वाचावाच लागेल.

आता प्रोग्रॅमिंग. इंजिनिअर व्हायची गरज नाही. संख्याशास्त्राचा पाया मात्र हवाच, आणि त्यात मी सवलत देत नाही. का, ते एका उदाहरणाने सांगते. २०१६ साली प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेने फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीत वापरल्या जाणाऱ्या कॉम्पास या साधनाची तपासणी केली. आरोपी पुन्हा गुन्हा करेल का याचा अंदाज ते साधन द्यायचं. ज्यांनी पुढे गुन्हा केला नाही अशा कृष्णवर्णीयांपैकी ४४.९ टक्के लोकांना त्याने 'जास्त धोका' ठरवलं होतं, गोऱ्यांमध्ये हे प्रमाण २३.५ टक्के होतं. साधन बनवणाऱ्या कंपनीचं उत्तर असं की 'जास्त धोका' म्हटलेल्यांपैकी किती जणांनी खरंच गुन्हा केला हे पाहिलं, तर दोन्ही गटांत प्रमाण सारखंच आहे.

दोघांपैकी खोटं कोण बोलतंय? कागद-पेन्सिल घ्या. 'अ' गटात १०० माणसं, त्यातली ५० पुढे गुन्हा करणार. 'ब' गटात १००, त्यातली २० करणार. साधन दोन्ही गटांतले खरे गुन्हेगार ८० टक्के पकडतं, आणि त्याने बोट दाखवलेल्यांपैकी ८० टक्के खरे निघतात. 'अ' गटात ते ५० जणांकडे बोट दाखवेल, ४० खरे, १० निर्दोष. 'ब' गटात २० जणांकडे, १६ खरे, ४ निर्दोष. आता निर्दोष माणसाच्या जागी उभे राहा. 'अ' गटातल्या ५० निर्दोषांपैकी १० जण अडकले, म्हणजे २० टक्के. 'ब' गटातल्या ८० पैकी ४, म्हणजे ५ टक्के. साधन दोन्ही गटांना एकाच मापाने मोजतंय आणि तरीही निर्दोष असून अडकण्याचा धोका 'अ' गटात चौपट आहे. मूळ प्रमाणं वेगळी असली आणि साधन अचूक नसलं, की न्यायाच्या या दोन्ही कसोट्या, म्हणजे बोट दाखवलेल्यांपैकी दोन्ही गटांत सारखेच खरे निघणं आणि दोन्ही प्रकारच्या चुका (निर्दोष अडकणं, गुन्हेगार सुटणं) दोन्ही गटांत सारख्याच प्रमाणात होणं, एकदम पुऱ्या करता येत नाहीत. जॉन क्लाइनबर्ग आणि सहकाऱ्यांनी आणि स्वतंत्रपणे अलेक्झांड्रा शूल्डेकोव्हा यांनी याच्या सिद्धता दिल्या.

गणित इथे थांबतं. मग कुठली कसोटी खरी न्यायाची, की यातली एकही नाही? 'गुन्हा केला' म्हणजे नक्की काय मोजलं, अटक? अटक कुणाला जास्त होते? इथून पुढचं काम आपलं. डेबोरा हेलमन, ब्रायन हेडन यांच्यासारख्यांनी ते केलं आहे आणि उत्तम केलं आहे. पण वरचा हिशेब ज्याला स्वतः मांडता येत नाही, त्याला या वादात उतरता येणार नाही. तेव्हा शर्ती संभाव्यता (एक गोष्ट घडली असताना दुसरी घडण्याची शक्यता), मूळ प्रमाण, चुकांचे प्रकार एवढं पक्कं करा, पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकून एक लहानसं मॉडेल स्वतःच्या हाताने घडवा आणि ते कुठे फसतं ते बघा. सहा महिने पुरतात. नंतर रोज कोड लिहिला नाही तरी चालेल, पण डेटाच्या तक्त्यात कुठे बोट ठेवायचं ते तुम्हाला कळेल.

हे बोट ठेवणं म्हणजे काय ते मला एका बैठकीत उमगलं. कुठले विद्यार्थी शिक्षण अर्धवट सोडतील याचा अंदाज घेणारं मॉडेल एक गट बनवत होता आणि मला 'नैतिक बाजू' बघायला बोलावलं होतं. पडद्यावर तक्ता होता. शेवटच्या रकान्याचं नाव 'यशस्वी', खाली शून्य आणि एक. मी विचारलं, एक कुणाला दिलाय? ठरलेल्या वेळेत पदवी घेतली त्याला. मग आजारी आईसाठी एक वर्ष थांबून नंतर पदवी घेतलेली मुलगी? शून्य. मध्येच चांगली नोकरी मिळाली म्हणून सोडून गेलेला? शून्य. नापास होऊन गेलेला? तोही शून्य. कुणीच काही बोललं नाही. मग कीबोर्डवर बसलेल्या तरुण इंजिनिअरने 'यशस्वी' खोडलं आणि 'वेळेत पदवी' असं लिहिलं. एका शब्दाने मॉडेलचं गणित बदललं नाही. पण त्या निकालावरून कुणाला मदत द्यायची, कुणाला नाही, ही पुढची सगळी चर्चा बदलली, कारण आता कुणालाच 'हे अयशस्वी विद्यार्थी आहेत' असं म्हणता येईना.

याचंच मोठं रूप २०१९ साली 'सायन्स'मधल्या झियाद ओबरमायर आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात आहे. अमेरिकेत कुठल्या रुग्णांना जादा काळजीची गरज आहे हे ठरवणारा एक अल्गोरिदम प्रत्यक्षात रुग्णावर पुढे किती खर्च होईल याचा अंदाज देत होता. कृष्णवर्णीय रुग्णांवर मुळातच कमी खर्च होत असल्याने, अल्गोरिदमकडून तेवढेच गुण मिळालेला कृष्णवर्णीय रुग्ण गोऱ्या रुग्णापेक्षा जास्त आजारी असायचा. ही तफावत दूर केली असती तर जादा मदत मिळणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचं प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर गेलं असतं. 'गरज' आणि 'खर्च' यांत फरक आहे हे कुणाला माहीत नव्हतं? सगळ्यांना होतं. पण रकाना भरताना तो फरक कुणी उच्चारला नाही. तो वेळेवर उच्चारणं हे तत्त्वज्ञाचं काम आहे, आणि मला ते काम मनापासून मोलाचं वाटतं.

आता नोकरीचा व्यवहार. इथे तुम्हाला दोन घरं सांभाळावी लागतात आणि दोन्हीकडचे रिवाज वेगळे. तत्त्वज्ञान विभाग विचारतो, यात तत्त्वज्ञान कुठे आहे? संगणकशास्त्राचे लोक विचारतात, निष्कर्ष काय? संगणकाच्या परिषदांमध्ये लेखाचा निकाल काही महिन्यांत लागतो आणि तो लेख त्यांच्याकडे मानाचा असतो. 'फॅक्ट' आणि 'एआयईएस' या आपल्या विषयाच्या दोन मोठ्या परिषदा २०१८ पासून भरतात. तत्त्वज्ञानाच्या चांगल्या जर्नलमध्ये मात्र निकालाला वर्ष लागू शकतं, नकार नेहमीचा आणि परिषदेतल्या लेखाला निवड समिती फारसं वजन देत नाही. सहा जणांच्या लेखात तुमचं नाव चौथं असेल तर तत्त्वज्ञानाच्या समितीला त्यातलं तुमचं काय ते कळतच नाही. म्हणून पीएच.डी. संपेपर्यंत किमान दोन लेख एकट्याच्या नावावर असावेत, आणि त्यातला एक 'एथिक्स अँड इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी' किंवा 'माइंड्स अँड मशीन्स'सारख्या खास जर्नलबाहेर, तत्त्वज्ञानाच्या सर्वसाधारण जर्नलमध्ये असावा. सोबत राजकीय तत्त्वज्ञान किंवा विज्ञानाचं तत्त्वज्ञान शिकवण्याची तयारी ठेवा. फक्त कृत्रिम बुद्धिमत्ताच शिकवू शकणारा उमेदवार लहान विभागाला परवडत नाही.

शिकवण्याचा आणखी एक रस्ता आहे. हार्वर्डमध्ये २०१७ पासून तत्त्वज्ञानाचे लोक संगणकाच्या नेहमीच्या तासांमध्ये जाऊन नीतीचे धडे घेतात. तसं काही तुमच्याकडे असेल तर जरूर घ्या. डेटाबेस शिकणाऱ्या मुलांना चाळीस मिनिटांत संमती म्हणजे काय हे समजावताना तुमचं स्वतःचंच किती धूसर आहे ते कळतं.

संशोधन केंद्रं पुष्कळ निघाली आहेत. केंब्रिजचं लिव्हरह्युम केंद्र २०१६ चं, येलचं डिजिटल एथिक्स सेंटर २०२३ चं. नेदरलँड्समधलं डेल्फ्टचं तांत्रिक विद्यापीठ त्याआधीपासून या विषयात मुरलेलं आहे. पण ऑक्सफर्डचं फ्यूचर ऑफ ह्युमॅनिटी इन्स्टिट्यूट २००५ साली सुरू झालं, जगभर गाजलं आणि २०२४ साली बंद झालं, हेही लक्षात ठेवा. पोस्टडॉकचा, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या ठरावीक मुदतीच्या संशोधनपदाचा, करार हातात आला की पगार कुठून येतो, ग्रँट किती वर्षांची आहे, विभागाशी नातं काय आहे, हे संकोच न करता विचारा. मार्गदर्शक निवडतानाही नाव बघू नका. त्यांचे मागचे चार विद्यार्थी किती वर्षांत सुटले आणि आज कुठे आहेत ते विचारा.

कंपनीबद्दल माझं मत मध्यम नाही, पण एकतर्फीही नाही. तिथे खरं तत्त्वज्ञान होतं. यंत्राला मानवी मूल्यांशी जुळवायचं तर कुणाची मूल्यं आणि कुठल्या प्रक्रियेने, यावरचा इयासन गॅब्रिएल यांचा २०२० चा लेख गूगलच्या डीपमाइंड या कंपनीत काम करताना लिहिला आहे आणि तो मी दरवर्षी शिकवते. जिवंत सिस्टिम तिथे हाताशी असते, विद्यापीठात ती क्वचितच मिळते. पण छापण्याआधी कुणाची परवानगी लागेल, नकार आला तर दाद कुठे मागायची, सोडून गेल्यावर काय बोलता येईल, ही तीन उत्तरं लेखी घ्या. उत्तरं गुळमुळीत मिळाली तर जाऊ नका, पगार कितीही असो. विद्यापीठात राहूनही कंपनीचा निधी घेतलात, तर प्रत्येक लेखात तो उघड लिहा.

समित्यांचंही असंच. युरोपियन आयोगाने नेमलेल्या ५२ जणांच्या तज्ज्ञ गटात थॉमस मेट्झिंगर हे जर्मन तत्त्वज्ञ होते. कृत्रिम बुद्धिमत्तेचा कुठला वापर कधीच होता कामा नये, त्या लाल रेषा आखायचं काम त्यांच्याकडे होतं. २०१९ साली गटाची अंतिम मार्गदर्शक तत्त्वं बाहेर आली तेव्हा 'लाल रेषा' हे शब्दच गेले होते, उरल्या होत्या 'गंभीर चिंता'. मेट्झिंगर यांनी वर्तमानपत्रात लेख लिहून हे सगळ्यांसमोर आणलं आणि याला नीतीचा मुलामा म्हटलं. तेव्हा अनेकांना वाटलं की संपलं. पण १ ऑगस्ट २०२४ ला लागू झालेल्या युरोपच्या कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्यात बंदी घातलेल्या वापरांची यादी आहे, आणि वागण्यावरून माणसांना सामाजिक गुण देण्याची पद्धत त्या यादीत आहे. समितीत बसाल तेव्हा मसुद्यातला प्रत्येक बदललेला शब्द टिपून ठेवा. तो पुढे कुठे उपयोगी पडेल सांगता येत नाही.

दर महिन्याला नवं मॉडेल येईल आणि आपण मागे पडलो असं वाटेल. मलाही वाटतं. बातम्यांसाठी आठवड्यातला एक दिवस ठेवा, बाकी दिवस तुमच्या प्रश्नाचे.

अर्ज करण्याआधी एवढं करा. ओबरमायर यांचा लेख मिळवा, जेमतेम सात पानांचा आहे. वाचून झाल्यावर 'गरज' या शब्दावर दोन पानं लिहा: रुग्णाची गरज म्हणजे त्याचा आजार, की उपचाराने होऊ शकणारा फायदा, की तो स्वतः मागतो ते? आणि यातलं प्रत्येक उत्तर घेतलं तर त्या तक्त्यात कुठला रकाना घालावा लागेल? लिहिताना रात्र कधी झाली ते कळलं नाही, तर ती दोन पानं सोबत जोडून मार्गदर्शकांना पत्र लिहायला घ्या.